बंद पडली नाही, बंद केली

आज सकाळी ८ वाजून २० मिनिटांनी माझी गाडी बंद पडली नाही. मी ती बंद केली. किल्ली फिरवून, स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर असताना. एवढी एक गोष्ट समोरच्याला पटवायला मी पार्किंगमध्ये वीस मिनिटं भांडलोय आणि तरी वहीत "बंद पडली" असंच लिहिलंय. निळ्या शाईत, खाली पट्टी लावून रेघ मारून.

वही काकांची. त्यांच्याकडे येतोच.

तर गाडी जुनी आहे, कार्बोरेटरवाली, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळायला कॉम्प्युटर नाही, नुसतं एक यंत्र. सकाळी चोक ओढून चालू करायची. आजार असा की चालू होते झकास. पहिल्या सेल्फला. मुळात चालूच झाली नसती तर माणूस गपचूप चालत गेला असता, पण ही आशा लावते ना. बेल्ट लावू देते, आरसा नीट करू देते, रिव्हर्स पडू देते, आणि बरोब्बर गेटमध्ये आडवी झाली की दोन गचके देऊन जाते. मागे हॉर्न सुरू. हॉर्नने इंजिन चालू होतं असं मानणारा एक मोठा वर्ग आपल्यात आहे, त्यांच्याबद्दल वेगळं लिहीन.

त्यातला प्रत्येक जण काच खाली करून एकच विचारतो, "पेट्रोल आहे का?" अहो आहे! टाकी अर्धी भरलेली आहे! हे मी इतक्यांदा सांगितलंय की शेवटी शेवटी काटा अर्ध्यावर असलेला डॅशबोर्डच दाखवायचो, तोंड उघडायचोच नाही. दुसरा सल्ला "विकून टाका." हा सल्ला देणाऱ्याला धक्का मारायला हात लावा म्हटलं की त्याला उशीर होत असतो.

मेकॅनिकचं पुराण थोडक्यात. पहिल्याने प्लग बदलले. मग पॉइंट, मग कंडेन्सर (हे सगळे ठिणगीच्या खात्यातले), मग पेट्रोल फिल्टर, मग पुन्हा प्लग, आणि दर वेळी "आता बघा". मी बघायचो. दोन मिनिटं बघायचो, कारण तेवढीच चालायची. दुसऱ्याने एका पोराला पाठवलं, तो स्कॅनर घेऊन डॅशबोर्डखाली शिरला आणि पाच मिनिटांनी आतूनच विचारतो, "सॉकेट कुठाय?" बाबा रे, या गाडीत कॉम्प्युटरच नाही, हिच्यात पेट्रोल एका पितळी भोकातून येतं आणि हवेत मिसळतं, एवढंच तिचं डोकं. मग त्याने चोकच्या दांड्याकडे बोट करून हा हँडब्रेक का असं विचारलं तेव्हा मी त्याला पाणी दिलं आणि पाठवून दिलं.

आता काका. तळमजल्यावर राहतात, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, सकाळी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतात. पहिले दोन-तीन दिवस नुसते बघत होते. चौथ्या दिवशी गळ्यात स्टॉपवॉच. पीटीचे सर वापरायचे तसलं, काळ्या दोरीचं. मांडीवर वही, वहीत चार रकाने आखलेले: तारीख, वेळ, किती चालली, शेरा.

पाचव्या दिवशी मी सेल्फ मारला, गाडी चालू झाली, आणि मागून ओरडा, "थांबा थांबा! बटण दाबलं गेलं नाही. ही धरता येणार नाही. बंद करून परत चालू करा."

आणि मी केली हो! अजून कळत नाही मी का ऐकलं. आवाजच तसा होता, परीक्षेत पुरवणी मागितल्यावर येतो तसला.

गाडी यथावकाश गेली. काकांनी खटकन बटण दाबलं. "१ मिनिट ४९. काल १ मिनिट ५२ होती. तब्येत बरी आहे ना?"

"माझी?"

"गाडीची हो. तुमची मी कशाला विचारू."

मी बॉनेट उघडून आत डोकं घातलं, म्हणजे तोंड दिसणार नाही. वरून यांचं चालूच. "शेऱ्यात काय लिहू? दोन गचके होते की तीन? तिसरा मला गचका वाटला नाही, उसासा वाटला."

"काका, तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

"असं कसं? नोंद आहे ही." आणि लिहिलं, मोठ्याने उच्चार करत, "गचके दोन. उसासा एक."

पुढच्या आठवड्यात प्रकरण वाढलं. जिन्यात बसणारी पोरं यायला लागली. दीड मिनिट झालं की काका हात वर करायचे आणि पोरं मोजायला लागायची, नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव. मी आत स्टिअरिंग धरून बसलेला, बाहेर माझ्या गाडीचं मरण मोजलं जातंय, आणि एकशे बाराला गाडी गेली की टाळ्या. एक दिवस काकांना म्हटलं, मोजताय ते ठीक, जरा धक्का मारायला या. तर खुर्चीतूनच म्हणाले, "नोंद घेणाऱ्याने हस्तक्षेप करायचा नसतो."

हे अजून डोक्यात आहे माझ्या. हस्तक्षेप म्हणे. मला ऑफिसला उशीर होतोय, शर्टाला ग्रीस लागलंय, आणि या माणसाला माझी अडचण म्हणजे सकाळचा फुकटचा सामना. कुणाच्या दारात कुणी धडपडत असेल तर हात लावायचा की वही काढायची?

असो. आता पुढचं लिहायला जिवावर येतंय, पण लिहितो.

परवा संध्याकाळी काकांनी बोलावलं. वही उघडून म्हणाले, "एक विचारू? तुम्ही रेस धरून ठेवलीत की ४८ सेकंदांत जाते. नुसती आयडलिंगला सोडली की पावणेदोन मिनिटांच्या वर जाते. दर वेळी. असं का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण प्लग किंवा पॉइंटचा लोचा असता तर गाडीने असा हिशोब ठेवला नसता. जास्त प्यायली की लवकर मरते, कमी प्यायली की उशिरा, म्हणजे तिच्याजवळ ठरावीकच पेट्रोल आहे! कार्बोरेटरला एक छोटी वाटी असते, फ्लोट चेंबर, पेट्रोल आधी तिच्यात साठतं आणि तिथून जेटमध्ये, म्हणजे त्या पितळी भोकात जातं. ती वाटी भरलेली, म्हणून गाडी झोकात चालू व्हायची, आणि वाटी खाली जाईल तशी मागून तेवढ्या वेगाने भरत नव्हती. वर काकांचा तो शेरा. करंट तुटला तर इंजिन बहुतेक एकदम जातं, दिव्याचं बटण बंद केल्यासारखं. गचके आणि उसासे हे उपाशी मरणाऱ्याचे. शिवाय मला आठवलं की मरताना चोक ओढला की ती पाच-सात सेकंद जास्त जगायची. चोकने हवा कमी होते, मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं, म्हणजे बाई पेट्रोलच मागत होती आणि आम्ही तिला प्लग देत होतो.

म्हणजे गेटमधले ते सगळे हॉर्नवाले बरोबर होते. पेट्रोल आहे का? नव्हतं. टाकीत होतं, जिथे पाहिजे तिथे नव्हतं. हे मी त्यांच्यापैकी कुणालाही सांगणार नाहीये.

मग इंजिन गार असताना कॉइलची वायर काढली, म्हणजे ठिणगी नको, कार्बोरेटरला येणारा पाइप सोडवून बाटलीत धरला आणि भाच्याला सेल्फ मारायला लावला. पिचिक पिचिक करत पेट्रोल जोरात आलं. म्हणजे टाकी ठीक, फिल्टर ठीक, पंप ठीक. राहिलं काय, तर पाइप जिथे कार्बोरेटरमध्ये शिरतो तो नट. तो उघडला तर आत करंगळीच्या नखाएवढी पितळेची जाळी, टोपीसारखी. ती काढून उजेडात धरली, आरपार काही दिसेना. काळी कणी गच्च बसलेली, खोडरबर घासल्यावर वहीवर उरते तशी. रबरच होतं ते. फिल्टरच्या पुढचा पाइपचा तुकडा बाहेरून तुकतुकीत, आतून भुगा.

आणि इथे माझी सटकते. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात, बरं आहे, घाला. पण जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही, ते फुगतं, मऊ पडतं, आतून सुटायला लागतं. हे गाडीवाल्याला कोण सांगणार? पंपावरचा सांगत नाही, मेकॅनिक सांगत नाही, तो प्लग बदलतो. दोन वेळा.

जाळी धुतली, फुंकर मारून बघितली, नवा पाइप लावला, क्लिपा आवळल्या.

आज सकाळी सेल्फ मारला. काकांनी बटण दाबलं. दीड मिनिट झालं, हात वर गेला, पोरं मोजायला लागली. एकशे वीसला पोरांचा आवाज उतरला. दोनशेच्या आसपास एक जण सायकल घेऊन निघून गेला. पाच मिनिटांनी काका खुर्चीत पुढे सरकून बसले, दहा मिनिटांनी म्हणाले, "रेस द्या बघू." दिली. काही झालं नाही. इतका पडलेला चेहरा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. १४ मिनिटांनी, पेट्रोल उगाच कशाला जाळा म्हणून, मी किल्ली फिरवली.

खटक.

"१४ मिनिटं ६ सेकंद," काकांनी लिहिलं. "बंद पडली."

"पडली नाही काका, मी केली."

"रकान्याचं नाव 'किती चालली'. १४ मिनिटं ६ सेकंद चालली, पुढे चालली नाही. यात खोटं काय?"

वीस मिनिटं घातली. परत चालू करून दाखवतो म्हटलं, तर ती नवीन नोंद होईल म्हणाले. खोडा म्हटलं, तर वहीत खाडाखोड चालत नाही. शेवटी मी जायला वळलो तेव्हा त्यांना काय वाटलं कोण जाणे, हाक मारून वही दाखवली. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात कंसात लिहिलं होतं: (मालकाचं म्हणणं वेगळं आहे.)