आडवी दाढ आणि भरताचे दिवस

माझी खालची डावी अक्कलदाढ हिरडीच्या आत आडवी झाली आहे, हे मला जळगावातल्या एका दवाखान्यात, पडद्यावर बघून कळलं. ओपीजी नावाचा एक्स-रे असतो. यंत्र डोक्याभोवती गोल फिरतं आणि अख्खा जबडा एका पट्टीत छापून येतो. बाकीचे दात आपापल्या जागी गुमान उभे होते. ही मात्र भुसावळला गाडीत चढून तीन सीटांवर पाय ताणलेल्या प्रवाशासारखी, पुढच्या दाढेला डोकं टेकवून पडली होती. साधारण 17 ते 25 वयात या दाढा निघतात. माझीही निघाली असणार, पण जबड्यात जागाच नव्हती. मग वर हिरडीची झापड, झापडीखाली अडकलेला ज्वारीचा कण, सूज, गोळ्या, आणि पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, "काढून टाकू."

अक्कल गेली, हा विनोद नंतर गल्लीतल्या प्रत्येकानं केला. म्हणून मी करत नाही.

दाढ काढताना दुखलं नाही. हे मी सगळ्यांना सांगतो आणि त्यांचा हिरमोड होतो. सुई टोचली तेवढीच. मग ओठ, जीभ, हनुवटी परकी झाली. दुखत नाही, पण दाब कळतो आणि आवाज ऐकू येतो. आडवी दाढ सरळ उपटत नाहीत. हिरडी उघडायची, थोडं हाड कोरायचं, दाढेचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा बाहेर. तुकडा पडताना जो कट्ट आवाज येतो, तो खास मालकासाठी असतो. शेवटी टाके. काळा दोरा ओठावरून सरसर जाताना दिसत होता आणि तो ओठ आपला आहे यावर माझा विश्वास बसत नव्हता.

खरा वनवास पुढे होता. डॉक्टरांनी बोळा दाबून धरायला सांगितला आणि एका दमात नियम ऐकवले: आज थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही, गरम नाही, तिखट नाही, तंबाखूचं तर नावही नाही. कारणही सांगितलं. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, तेच त्या खड्ड्याचं झाकण. थुंकलं किंवा ओढून प्यायलं की गाठ निसटते, हाड उघडं पडतं आणि कानापर्यंत कळा जातात. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. तोंडात जमेल ते मुकाट गिळायचं.

आता आमच्या चौकात कुठल्याही चर्चेची सुरुवात पिचकारीनं होते. मी कट्ट्यावर बोळा दाबून, लाळ गिळत गप्प बसलेला पाहून लोकांना वाटलं, घरी काहीतरी मोठं भांडण झालंय. शेजारच्या काकांनी पुडी पुढे केली. "चिमूटभर धर भो, सगळं बधिर होतं." मी मान हलवली. काकांना वाईट वाटलं. आजारी माणसाला तंबाखू नाकारली जाते, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

पहिल्या दिवशी गालाला बर्फ लावायचा असतो. पंधरा-वीस मिनिटं लावायचा, तेवढाच वेळ थांबायचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे निघालेला असताना ही चैन ठरली असती. आम्ही होतो ऐन थंडीत. घरचे स्वेटर घालून शेकोटीशी आणि मी रुमालात बर्फ घेऊन कोपऱ्यात. रात्री दोन उश्या घेऊन डोकं उंच ठेवायचं, म्हणून झोपही अर्धी बसल्यासारखीच.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. पाहुणेही नेमके तेव्हाच येतात. अमळनेरहून आत्या आली, दारातच थबकली. "काय व्हयनं रे भाऊ? गाल कितला सुजना!" आणि तव्यावर मीठ भाजून पुरचुंडी बांधायला निघाली. पहिल्या दिवशी शेक नको, हे डॉक्टरांचं वाक्य मी तोंड अर्धं उघडून सांगितलं. पहिला दिवस तर संपलाय, हे तिनं पूर्ण उघडून सांगितलं. शेवटी तोडगा निघाला: कोमट मिठाच्या पाण्याची चूळ. तीही खळखळून नाही. पाणी तोंडात हळू फिरवायचं आणि मान वाकवून आपसूक पडू द्यायचं. आत्याच्या मते याला चूळ म्हणत नाहीत.

खाण्याचं तर विचारूच नका. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला, दोघांनाही 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सरकारदरबारी दोघं सारखे. माझ्या तोंडात मात्र केळीला प्रवेश आणि वांग्याला बंदी. सकाळी केळं कुस्करून, दुपारी केळं दुधात, संध्याकाळी केळीचं शिकरण. आणि त्याच आठवड्यात भावाच्या शेतात भरीत पार्टी. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी काळी पडत होती, लाकडी बडगीत मिरच्या-लसूण ठेचले जात होते, आणि मी वरण-भाताचा डबा घेऊन वाऱ्याच्या उलट्या बाजूला. मेहुण्यानं वकिली केली: "भरीत मऊच असतं ना दाजी? डॉक्टर मऊ खा म्हणाले ना?" मुद्दा बिनतोड होता. पण मिरची जखमेला झोंबणार आणि वांग्याची बी खड्ड्यात जाऊन बसणार. मेहुण्यानं माझ्या वाटचंही खाल्लं. कळण्याच्या भाकरीशी, माझ्याकडे बघत.

तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढलं, ताप आला किंवा रक्त थांबेना, तर लगेच या, असं बजावलं होतं. मी रोज आरशात टॉर्च मारून खड्डा तपासायचो. काही झालं नाही. दुखणं ओसरत गेलं, तोंड दोन बोटांवरून तीन बोटं उघडायला लागलं. आठवड्यानं टाके काढताना डॉक्टरांनी पुन्हा तो एक्स-रे लावला आणि उजव्या बाजूवर पेन टेकवला. तिथली दाढही आडवीच.

"हीसुद्धा त्रास देणार. कधी काढायची?"

"आखाजीनंतर," मी म्हणालो. आखाजी म्हणजे आमची अक्षय तृतीया. "तेव्हा बर्फही परवडतो. आमरस चालेल ना?"

"गार असेल तर चालेल. चमच्यानं. वाटीला तोंड लावून ओढायचा नाही."

"आणि पुरणपोळी?"

"रसात बुडवून, दुसऱ्या बाजूनं, आठवड्यानं."

बायकोनं लगेच मोबाईलमध्ये आखाजीच्या आधीची तारीख शोधायला घेतली. पाहुण्यांना खापरावरच्या पोळ्या पुरत नाहीत, दरवर्षी कमी पडतात, असं ती डॉक्टरांना सांगत होती.