पथ्य माझं, सल्ला सगळ्यांचा

ओला खोकला निदान कष्टाळू असतो. खोकतो, काहीतरी बाहेर काढतो, मोकळा होतो. कोरड्याला असला काही उद्योगच नाही. घशात केस अडकल्यासारखं वाटतं, ढास लागते, डोळ्यांतून पाणी येतं, बरगड्या दुखतात आणि हाती काहीच लागत नाही. वेळ मात्र अचूक साधतो. दिवसभर गप्प आणि गादीला पाठ टेकली की सुरू.

माझी सर्दी कधीच निघून गेली होती. जाताना हा तेवढा मागे विसरली. अशा वेळी खोकला सरासरी १८ दिवस टिकतो, पण लोकांची अपेक्षा जेमतेम आठवड्याची असते. त्यामुळे नवव्या दिवसापासून मी सगळ्यांच्या नजरेत गुन्हेगार झालो. "अजून आहेच?" असं विचारायचे, जसं काही मीच त्याला आग्रह करून ठेवून घेतलाय.

खोकणाऱ्या माणसाच्या ताटावर कुणाचाही हक्क असतो. शेजारच्या काकांनी केळं बंद केलं. मावशीनं फोनवरून तळलेलं बंद केलं. ऑफिसातल्या एकानं दूध सोडायला लावलं, कारण दुधानं कफ होतो. मी म्हटलं, अरे, कोरडा आहे, झाला थोडा कफ तर सोबत तरी होईल! तसाही हा समज खरा नाही. १९९० साली काही धडधाकट माणसांना मुद्दाम सर्दीचा विषाणू देऊन, त्यांनी दूध किती प्यालं आणि त्यांच्या नाकातून शेंबूड किती आला, याचा हिशेब मांडला होता. दोन्हींचा काही संबंध सापडला नाही. दूध लाळेत मिसळलं की घशाला जाडसर लागतं, एवढंच. मला मात्र त्या शेंबडाचं वजन करणाऱ्या माणसाचा विचार करून आपलं बरं चाललंय असं वाटलं.

बंद झालेल्या पदार्थांची जागा औषधी पदार्थांनी घेतली. मध होता. तो खरंच गुणाचा, घशावर पातळसा थर देतो, ढास सैल पडते. त्या भरात मी बहिणीच्या सहा महिन्यांच्या बाळालाही बोट चाटवायला निघालो होतो, तर तिनं बाटलीच हिसकावली. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो. त्यातल्या जिवाणूंमुळे बोट्युलिझमसारखा जिवावरचा आजार होऊ शकतो. माझी मामा म्हणून पत तिथेच संपली. मग आलं, मिरे, लिंबू. जेष्ठमध आठवडाभर चघळलं आणि ते फार घेतलं तर रक्तदाब वाढतो हे कळल्यावर नुसत्या भीतीनंच वाढवून घेतला. पुदिन्याच्या गोळ्या होत्या. आणि एक शोध माझा स्वतःचा : चॉकलेट! त्यातलं थिओब्रोमीन खोकल्याची उबळ दाबतं, असं २००४ साली एका प्रयोगात दिसलं होतं. प्रयोगात शुद्ध थिओब्रोमीन दिलं होतं, चॉकलेट नव्हे, हा तपशील मी घरी सांगितला नाही. आयुष्यात एवढ्या निष्ठेनं मी दुसरं कुठलंही औषध घेतलेलं नाही.

रात्रीचं वेळापत्रक असं : साडेनऊला जेवण. दहाला आलं-लिंबाचं गरम पाणी, मोठा पेला. मग मिठाच्या गुळण्या. साडेदहाला मध-मिरे. त्यावर चॉकलेट. शेवटी गालात पुदिन्याची गोळी धरून आडवं व्हायचं. अकरा वाजून पाच मिनिटांनी ढास.

पाचव्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. ताप, दम, थुंकीत रक्त, वजन घटणं, सगळं विचारून झालं. रक्तदाबाची गोळी घेता का, तेही विचारलं, कारण त्यातल्या काही गोळ्यांनीच कोरडा खोकला येतो. मग म्हणाले, "खाता काय?" मी अभिमानानं यादी पुढे केली. त्यांनी ती शांतपणे वाचली.

"आणि हे सगळं झोपताना?"

"हो, एकदाही चुकवलेलं नाही."

"म्हणजे रोज रात्री दोनदा जेवता."

जठराच्या तोंडाशी एक झडप असते. ती नीट मिटली नाही तर आडवं झाल्यावर आम्ल वर येतं आणि खोकला चाळवतो; छातीत जळजळ व्हायलाच हवी असं नाही. पुदिना आणि चॉकलेट तीच झडप सैल करतात. लिंबू आणि मिरे अनेकांना वरून झोंबतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि माझ्या बंबात तर रॉकेल भरलेलं!

आता झोपण्याआधी तीन तास काही खायचं नाही. मध राहिला, पण दिवसा. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालून तो १५ सेंटिमीटर उचललाय. जादा उशा चालत नाहीत, त्यांनी पोटच दुमडतं. सकाळी आम्ही दोघंही पायथ्याशी गोळा झालेले असतो.

दहाव्या रात्री मला कुणीतरी गदागदा हलवलं. बायको घाबरून बसली होती. "अहो, खोकत का नाही आहात?"

दचकून उठलो आणि ठसका लागला. म्हटलं, "अगं, मध दे जरा."

"तीन वाजलेत," ती म्हणाली आणि निश्चिंतपणे झोपली.