मधूनच पळायचे होते, तर हे रिसीव्हर पाळले कशाला?

जेरेमाया स्मिथ, एमेका इग्बुका आणि कार्नेल टेट हे पास झेलणारे तिघे रिसीव्हर हाताशी असताना, समोरच्या मिशिगनचा, रिसीव्हरना अडवणारा सर्वांत चांगला कॉर्नरबॅक विल जॉन्सन दुखापतीमुळे खेळतच नसताना, चेंडू पुन्हा पुन्हा मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रांट या त्यांच्या बचावाच्या मधोमध उभ्या असलेल्या दोन धिप्पाड गड्यांच्या अंगावर नेऊन घालण्याची कल्पना कोणत्या सुपीक डोक्यातून निघते, एवढे मला कोणीतरी समजावून सांगावे. काल, ३० नोव्हेंबर २०२४ रोजी, अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला मिशिगनविरुद्धचा सामना आपण आपल्याच मैदानावर १३-१० असा हरलो; त्यात आपल्या ओहायो स्टेटने २६ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि ७७ यार्ड मिळवले. दर खेपेला तीन यार्डसुद्धा नाहीत. दहा यार्ड काढायला चार प्रयत्न, म्हणजे डाउन, मिळतात; तर पहिल्या डाउनला मधून, दुसऱ्या डाउनला पुन्हा मधून, आणि तिसऱ्या डाउनला सगळ्या स्टेडियमला ठाऊक असलेला पास. घरात हापूसची पेटी उघडी पडलेली असताना पाहुण्याच्या पानात हट्टाने कैरी वाढावी, तसा हा प्रकार होता.

बरे, ज्यांच्या जोरावर मधून घुसायचे, त्या, धावणाऱ्याला वाट करून देणाऱ्या आपल्या ऑफेन्सिव्ह लाइनची अवस्था काय होती? लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्ये ऑरेगनच्या सामन्यातच जायबंदी झाला. सेंटर सेथ मॅकलॉफ्लिन नोव्हेंबरमध्ये गेला. उरलेली पोरे जीव तोडून खेळत होती, त्यांना बोल लावण्याचे कारण नाही; पण ही गोष्ट तिसऱ्या मजल्यावर बसलेल्या माझ्यासारख्या माणसाला दिसते आणि कोट्यवधी पगार घेणाऱ्यांना दिसत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. त्यांना दिसत होते. तरीही त्यांनी तेच केले, कारण त्यांना सामना जिंकायचा नव्हता, त्यांना एक जुना टोमणा खोडून काढायचा होता.

हे दुखणे २०२१ पासूनचे आहे. मिशिगनच्या गावी, ॲन आर्बरच्या बर्फात, त्यांच्या हसन हॅस्किन्सने आपल्या अंगावरून पाच टचडाउन नेले, ४२-२७ असा पराभव झाला आणि त्यानंतर मिशिगनच्या एका प्रशिक्षकाने ओहायो स्टेटचा संघ नाजूक आहे, कणखर नाही, असे उघड सांगितले. तो टोमणा आपले मुख्य प्रशिक्षक रायन डे यांच्या जिव्हारी लागला तो लागलाच. गेल्या वर्षी नोत्र डामला १७-१४ असे हरवल्यावर आनंद साजरा करायचा सोडून त्यांनी टीव्हीवर आपल्या कणखरपणावर शंका घेणाऱ्या, नोत्र डामच्या शहाऐंशी वर्षांच्या माजी प्रशिक्षक लू होल्ट्झना जाब विचारला, तेव्हाच ओळखायला हवे होते की या माणसाच्या डोक्यात सतत एकच भुंगा फिरतो आहे. कणखरपणा सिद्ध करण्याची ही हौस आपल्याला दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस भोवते. कणखर असल्याचा सगळ्यांत सोपा पुरावा म्हणजे समोरच्यापेक्षा एक गुण जास्त करणे, हे त्यांना कोणी सांगत कसे नाही?

आणि समोर होते तरी कोण! गेल्या वर्षीचा पंधरापैकी पंधरा सामने जिंकणारा मिशिगन असता, तर मी गप्प राहिलो असतो. (राहिलो नसतो, पण निदान आवाज खालच्या पट्टीत ठेवला असता.) हा संघ सहा जिंकून पाच हरलेला होता. इलिनॉयने त्यांना हरवले होते, इंडियानाने हरवले होते, हंगामभर तीन क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारे, आलटून पालटून वापरून झाले होते. सट्टेवाले आपल्याला जवळपास वीस गुणांनी जिंकवत होते. काल त्यांच्या डेव्हिस वॉरनने संपूर्ण सामन्यात ६२ यार्डांचे पास टाकले. बासष्ट! बचावफळीने आणखी काय करायचे होते? आपल्या जॅक सॉयरने शेवटच्या सत्रात गोललाइनजवळ चेंडू हिसकावून सामना अक्षरशः आपल्या हातात आणून ठेवला होता. त्यावर आपण काय केले? पंट केले, म्हणजे चेंडू लाथेने उडवून त्यांनाच परत दिला. मग तिसऱ्या डाउनला सहा यार्ड हवे असताना त्यांचा केलेल मलिंग्ज सत्तावीस यार्ड पळाला, पंचेचाळीस सेकंद उरले असताना त्यांचा किकर झ्वादा याने एकवीस यार्डांचा, तीन गुणांचा फील्ड गोल सहज मारला आणि फलकावर १३-१० लागले. मध्यंतराला १०-१० असलेल्या आपल्या संघाने उत्तरार्धात एकही गुण केला नाही.

आपल्या किकरचे चाळीस यार्डांच्या आतले दोन फील्ड गोल चुकले, यावर माझ्या मागच्या रांगेतला एक गृहस्थ त्या पोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मला ते पटले नाही. दोन कोटी डॉलरच्या घरात जाणारा संघ उभा केल्याचे आपल्या क्रीडा संचालकांनीच अभिमानाने सांगितले होते. अलाबामाहून केलेब डाउन्स, मिसिसिपीहून क्विन्शॉन जडकिन्स, कॅन्सस स्टेटहून विल हॉवर्ड असे एकेक मोहरे वेचून आणले होते. एवढा खर्च केलेल्या संघाने बेताच्या मिशिगनविरुद्ध किकरच्या पायावर अवलंबून राहावे, हीच मुळात शरमेची गोष्ट आहे.

जाहिरातींविषयी तर बोलायलाच नको, म्हणून बोलतोच. गोठवणाऱ्या थंडीत, भर दुपारी बारा वाजता सामना सुरू करायचा, कारण टीव्हीला ती वेळ सोयीची. टचडाउन झाला की जाहिरात, किकऑफ झाला की पुन्हा जाहिरात, आणि तोवर लाखाहून अधिक माणसांनी ॲल्युमिनियमच्या बाकावर बूड गोठवत बसायचे. माझ्या हातमोज्यातून चहाच्या कागदी पेल्याची ऊब संपायला एक जाहिरात पुरत होती. त्या थांब्यांमध्ये आपल्या प्रशिक्षकांनी विचार केला असता, तर निदान कोणाचा तरी वेळ सत्कारणी लागला असता.

परंतु खरा अपमान मैदानावर झाला नाही, तो शेजारच्या खुर्चीत बसला होता. माझे साडू ॲन आर्बरला शिकले आणि तिथेच स्थायिक झाले. बायकोच्या आग्रहाखातर त्यांचे तिकीट मीच काढले होते. माणूस वयाने मोठा, स्वभावाने अत्यंत सालस. चारही सत्रे ते हाताची घडी घालून बसले. त्यांनी एकदाही आरडाओरडा केला नाही, टाळी वाजवली नाही, मलिंग्ज पळाला तेव्हा फक्त निळी टोपी थोडी मागे सरकवली. खाली मैदानाच्या मधोमध त्यांच्या पोरांनी झेंडा रोवायला घेतला, सॉयरने तो काठीवरून ओरबाडला, हाणामारी जुंपली आणि पोलिसांनी पेपर स्प्रे मारला, तेव्हा हे गृहस्थ माझ्याकडे वळून, लग्नात विहिणीला विचारावे इतक्या अदबीने म्हणाले, "राव, चहा घेऊ या का?" त्यांनी शिवी दिली असती तर मी ऋणी राहिलो असतो. वीस वर्षांच्या पोरांनी झेंडा रोवला याचा राग मला येतोच, पण तो रोवायची संधी आपणच दिली आणि वर हे चहा विचारतात, याचा जास्त येतो. आज सकाळी सांगलीहून सासूबाईंचा निरोप आला: "जावईबापू, तुमची शाळा हरली म्हणे. मनाला लावून घेऊ नका." ही बातमी तिथवर कोणी पोहोचवली, हे मला कळते.

जुन्या लोकांना हे नवीन नाही. आपले जुने प्रशिक्षक जॉन कूपर यांच्या तेरा वर्षांत मिशिगनविरुद्ध दोन विजय, दहा पराभव आणि एक बरोबरी. १९९५ मध्ये अपराजित संघ घेऊन गेलो आणि टिम बियाकाबुटुकाने एकट्याने ३१३ यार्ड धावून दाखवले. १९९६ मध्ये पुन्हा अपराजित होतो आणि स्वतःच्या मैदानावर १३-९ असे हरलो. या दोन्ही वेळी मी मिरजेत शाळेत जात होतो आणि फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तरीही बियाकाबुटुकाचे नाव निघाले की माझ्या कपाळाची शीर उडते. ओहायो स्टेटमध्ये मास्टर्सच्या दोन वर्षांची फी भरली, तेव्हा पदवीबरोबर हा वारसाही गळ्यात पडेल, असे कोणी सांगितले नव्हते. या सामन्याच्या आधी आठवडाभर कॅम्पसवरच्या पाट्यांतील प्रत्येक एम अक्षरावर, म्हणजे मिशिगनच्या अक्षरावर, लाल पट्टीची फुली असते, आणि विद्युत अभियांत्रिकी शिकलेला, घरी कर्जाचे हप्ते भरणारा मी, त्या फुल्यांचे फोटो काढून साडूंना पाठवतो. पाठवले होते. सोमवारीच.

नंतरच्या प्रशिक्षकांपैकी ट्रेसेल यांनी मिशिगनविरुद्ध दहापैकी नऊ जिंकले, मायर यांनी सातपैकी सात. त्या सोळा विजयांनी आपल्याला लाडावून ठेवले, हे मान्य. पण डे यांचा एकूण हिशेब ६६ विजय, १० पराभव, आणि त्या दहांतले चार एकाच संघाकडून, सलग. गेल्या वर्षी तर मिशिगनचा मुख्य प्रशिक्षक निलंबित होता, तरी आपण ३०-२४ असे हरलो. कोणत्याही कारकुनाने ही वही तपासली तरी त्याच एका पानावर बोट ठेवले असते.

आता राष्ट्रीय विजेतेपदासाठी बारा संघांची प्लेऑफ आहे, इंडियानापोलिसची, बिग टेन या आपल्या गटाची अंतिम लढत हुकली तरी आपण त्यात असणारच, असे समजूतदार लोक सकाळपासून मला सांगत आहेत. असू. टेनेसी येवो, टेक्सास येवो, जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपदसुद्धा येवो. मी नाचेन, पेढे वाटेन, आणि तरी हे १३-१० पुसले जाणार नाही, हे मी आजच लेखी देऊन ठेवतो. आपले जुने प्रशिक्षक वुडी हेज यांनी मिशिगनच्या हद्दीत पेट्रोल विकत घेण्यापेक्षा गाडी ढकलत ओहायोत आणणे पसंत केले, अशी दंतकथा इथे सांगतात. पूर्वी मला ती अतिशयोक्ती वाटायची. नाताळच्या सुट्टीत साडूंकडे ॲन आर्बरला जायचे बायकोने केव्हाच ठरवले आहे, भडंगाचा डबाही भरून झाला आहे. तीन तासांचा रस्ता आहे. टाकी हद्दीअलीकडे, ओहायोतल्या टोलेडोतच काठोकाठ भरून घेणार आहे.