दादर, मका आणि रेशनचा गहू : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया वाचली. "मोफत गव्हामुळे खान्देशातली भाकरी मागे पडली, हे पोट भरलेल्यांचं दुखणं आहे. गरिबाच्या तोंडचा घास काढायचाय का? लोकांना पोळी आवडते, शेतकऱ्याला मका परवडतो, विषय संपला," असं तुम्ही लिहिलंत.

घास काढा असं मी कुठंच म्हटलेलं नाही. अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे, आणि मिळायलाच हवं. माझं भांडण त्या पिशवीत काय भरलंय याच्याशी आहे.

२०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये आणि गव्हाचा २,४२५ होता. कागदावर ज्वारी वरचढ. पण पंजाब-हरियाणात गहू घ्यायला सरकार स्वतः मंडीत उभं असतं. आपल्याकडे दादर, म्हणजे खान्देशातली रब्बी ज्वारी, घेऊन बाजार समितीत गेलं की व्यापारी मूठभर दाणे हातावर घेतो, फुंकर मारतो आणि म्हणेल तो भाव. त्या भावाने घेणारा कुणी नसेल तर हमीभाव काय चाटायचा? मग गहू रेशनवर फुकट आणि ज्वारीला दुकानात रोख पैसे. अशात "लोकांना पोळी आवडते" हे अर्धंच खरं. (अर्धं खरं आहेच. पहाटे उठून डबे करणाऱ्या बाईला भाकरी थापायचा आग्रह करणारे बहुतेक पुरुषच असतात.)

मका परवडतो, मान्य. का परवडतो? युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, वरचा खर्च केंद्र सोसतं. मका, केळी ही भरपूर पाणी आणि नत्र मागणारी पिकं, त्यामुळे अनुदान तिकडेच मुरतं. तापीकाठच्या काळ्या जमिनीत दादर पावसाळ्याच्या ओलीवर येते, तिला युरिया लागतो किती? शिवाय तो मका आपल्या ताटात थोडाच येतो! कोंबडीखाद्याला जातो, अलीकडे इथेनॉललाही. आणि ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी लोक हिवाळ्यात भरिताबरोबर हॉटेलात पैसे मोजून खातात. पोट भरलेल्यांचं दुखणं म्हणायचंच तर याला म्हणा.

"रेशनची ज्वारी लोकांनी गुरांना घातली" हा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड. खरिपाच्या संकरित ज्वारीला ऐन काढणीत पाऊस लागला की दाणा काळा पडतो, ती कोण खाणार? दादर कोरड्या हवेत निघते, फेब्रुवारी-मार्चला. दाणा टपोरा, पांढरा. कायद्यात भरडधान्याला २०१३ पासून जागा आहेच, किलोला १ रुपया दरही ठरला होता. कर्नाटकात नाचणी आणि ज्वारी रेशनवर देतात. तशी चोपडा-अमळनेरची दादर हमीभावाने घ्यावी आणि जळगाव, धुळे, नंदुरबारमध्येच पावसाळ्याआधी वाटून टाकावी, साठवत बसलं तर भुंगा लागतो. गहूही ठेवा. दुकानात दोन्ही गोण्या शेजारी शेजारी असू द्या, आधी कुठली रिकामी होते ते बघू.