घड्याळातल्या कॅलरी ‘खाऊन टाकता’ येतात का?

‘घड्याळाने ४०० कॅलरी जळाल्या म्हटलं की तेवढं जास्तीचं खा, वजन वाढत नाही,’ हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला चुकीचा आहे.

मनगटावरचं यंत्र, म्हणजे स्मार्टवॉच, कॅलरी मोजतच नाही. हिरव्या उजेडाने नाडी टिपतं, हालचालीवरून पावलं, आणि तुम्ही भरलेलं वय, वजन, उंची धरून अंदाज बांधतं. २०१७ साली स्टॅनफर्डमध्ये सात यंत्रं तपासली. नाडी बहुतेकांची ठीक निघाली. कॅलरींत मात्र सर्वांत चांगल्या यंत्राचीही सरासरी चूक २७ टक्के होती.

दुसरी गफलत ‘टोटल’ आकड्याची, ज्यात बसल्या बसल्या जळणाऱ्या कॅलरीही धरलेल्या असतात. ७० किलोच्या माणसाने तासभर बऱ्यापैकी वेगाने चालल्यावर साधारण २५० दिसतात. त्यातल्या ७० तर नुसतं बसूनही जळाल्या असत्या. उरल्या १८०. एक वडापाव त्याहून भारी पडतो, चहा वेगळाच.

तेव्हा ‘अ‍ॅक्टिव्ह’ आकडा, म्हणजे फक्त हालचालीने जळालेल्या कॅलरी, बघा, पण त्याच्या भरवशावर जेवण वाढवू नका. पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, न सरकेल इतका आवळा. सैल असला की नाडीच चुकते. दोन-तीन किलो उतरले की अ‍ॅपमध्ये वजन बदला, नाहीतर आकडा फुगलेलाच दिसत राहतो.