खंजेरी, दोन फूट आणि ‘आधी शिकून घ्या’

खंजेरी भजन रेकॉर्ड कसं करायचं यावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली. तेव्हाच लिहिलं असतं तर भाषा घसरली असती, म्हणून थांबलो. तुमचं म्हणणं असं: खंजेरीला माईक ४ इंचांवर हवा, २ फुटांवर ठेवल्याने अख्खं देऊळ रेकॉर्ड झालं, पेटी पोकळ वाटते, पंखा ऐकू येतो, फँटम पॉवर (माईकला त्याच्याच तारेतून मिळणारी वीज) ४५ नव्हे, ४८ व्होल्ट. आणि शेवटी, ‘आधी शिकून घ्या, मग लोकांना शिकवा.’

४८ बरोबर. टायपिंगची चूक, दुरुस्त केली. आभार.

आता ते ‘शिकून घ्या’. भाऊ, माझे वडील मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळात टाळ धरायचे. सहावीपासून मी दर गुरुवारी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन मंडळापुढे बसायचो. कॅसेटची फीत अडकली की पेन्सिलने गुंडाळायची. हे कोणत्या कोर्सात शिकवतात ते सांगा, फी भरतो. चारचौघांत असं तर आमचे मास्तरही बोलत नसत. तुम्ही बोललात, तेही नाव न लिहिता. काहून?

बरं, ४ इंच. खंजेरीवाला काही पुतळा नसतो. तुकडोजी महाराजांची भजनं म्हणणारा तर नाहीच! ध्रुवपदाला खंजेरी खांद्याच्या वर जाते, कडव्याला छातीशी येते. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. म्हणजे माईक ४ इंचांवर असेल आणि हात आणखी ४ इंच मागे गेला, की गेले ६ डेसिबल. माईक २ फुटांवर असेल तर तेवढ्याच हालचालीने दीड डेसिबलही जात नाही. शिवाय कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माईक इतका जवळ नेला की खालचा आवाज फुगतो, थाप ढोलासारखी घुमते. करून पाहिलंय. मागच्या काकड्याला माईक जवळ लावला, तर तिसऱ्याच भजनात बुवांची अंगठी माईकच्या जाळीवर खणकन आदळली. ती फाईल अजून आहे, हवी तर पाठवतो.

आणि देऊळ रेकॉर्ड झालं म्हणता, तर व्हायलाच पाहिजे. टिनाखाली वीस माणसं एका दमात टाळ उचलतात, ते वगळलं तर उरतं काय?

पेटीचं म्हणाल, तर माईक वाद्यापासून जितका लांब, त्याच्या तिप्पट अंतर दोन माईकमध्ये हवं, नाहीतर आवाज पोकळ होतो, हा नियम मलाही पाठ आहे. सभामंडप १२ फुटांचा, त्यात मृदंग, पेटी, टाळकरी आणि प्रसादाचा गंज. असो. पंख्याचं म्हणाल तर मे महिना होता, बाहेर ४५. (व्होल्टचा आकडा तिथूनच आला असावा.)

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. येत्या गुरुवारी पेटीचा माईक थोडा सरकवून बघणार आहे. तुम्ही म्हणालात म्हणून नाही.