स्ट्रिपवरची किंमत

डिप्रेशनसाठी फ्लुओक्सेटिन घेतोय, तेही जेनेरिक (म्हणजे मूळ ब्रँडचं पेटंट संपल्यावर इतर कंपन्या बनवतात ते तेच औषध), असं मावशीला फोनवर सांगितलं. डिप्रेशनचं राहिलं बाजूला, ती म्हणाली, "अरे, चांगल्या कंपनीचं घे ना! जेनेरिकला गुण येत नाही."

मी राहतो तिथे, अमेरिकेत, ही शंका सहसा कानावर येत नाही. प्रोझॅकचं, म्हणजे फ्लुओक्सेटिनच्या मूळ ब्रँडचं, जेनेरिक 2001 मध्ये आलं. आता डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलं तरी फार्मसीत बहुधा जेनेरिकच हातात पडतं. इथली गोम वेगळीच आहे: स्ट्रिपच नसते, मग एमआरपी कुठून असणार? किंमत कळते ती थेट काउंटरवर. मध्यंतरी डॉक्टरांनी कॅप्सूलऐवजी टॅब्लेट लिहिली. औषध तेच, डोस तोच, बिल मात्र कितीतरी पट. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "कॅप्सूल लिहून आणा. आणि इन्शुरन्स लावू नका." इन्शुरन्स लावून माझा वाटा 15 डॉलर, रोखीने 9! एवढं सांगायलाही पूर्वी अनेक फार्मसिस्टना करारानं मनाई होती. ती तोंडबंदी कायद्यानं उठवली 2018 मध्ये.

आपल्याकडे वाद चालतो तो नावावर. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहायची सक्ती केली आणि त्याच महिन्यात नियम स्थगितही केले. आधी गुणवत्तेची हमी द्या, हे डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. नुसतं नाव लिहिलं तर कंपनी निवडणार केमिस्ट, आणि तो मार्जिन बघणार. पण मावशीची 'चांगली कंपनी' तरी काय विकते? बहुतेकदा जेनेरिकच, फक्त वर ब्रँडचं नाव. महिनोन्‌महिने चालणाऱ्या गोळीत त्या नावाचे पैसे किती जातात, ते कुणी मोजत नाही. (पैशांपायी गोळी मनानेच बंद करणारेही भेटतात, तो उद्योग मात्र नको.) शिवाय 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार सरकारी दवाखान्यात मानसिक आजाराची अत्यावश्यक यादीतली औषधं फुकट मिळायला हवीत. टीव्हीवरच्या चर्चेत हे कलम मी कधी ऐकलं नाही.

मावशीला तिच्या बीपीच्या गोळीची स्ट्रिप आणायला लावली. चष्मा शोधून तिनं वाचलं, "टेल्मिसार्टन 40."

"हेच नाव जनऔषधीच्या जेनेरिक दुकानात सांग. दोन्ही स्ट्रिपवरची एमआरपी मला कळव."

"बघते," ती म्हणाली. "पण तू तुझी चांगल्या कंपनीचीच घे हं."